दोन सेकंदांत पास

आमच्या शेजारी एक अण्णा राहतात. (कोल्हापुरात दर तिसऱ्या घरात एक अण्णा असतात, त्यामुळे हे नेमके कोण ते तुम्हांला कळायचं नाही.) सरकार लोकांचे फोन ऐकतं, ई-मेल वाचतं, असा विषय निघाला की अण्णा मिसळीच्या कटात पाव बुडवत म्हणतात, “ऐकू दे की! आपण काय चोरी केलीया व्हय?”

हेच अण्णा बँकेत पासबुक भरून घ्यायला येतात ते छातीशी धरून. मागचा जरा वाकला की “काय बघतासा, पावणं?” म्हणून अख्खी रांग मागं सारतात. आता त्या पासबुकात काय दरोड्याचा माल असतो? पेन्शन असते, आणि जावयाला दिलेले हातउसने. ते गल्लीनं वाचू नयेत, एवढंच. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. अण्णांना तो आधीपासूनच पाठ होता, पण फक्त काउंटरपुरता.

चोर धरायला कधी फोन ऐकावा लागतो, हे मलाही मान्य आहे. माझं भांडण हिशेबाचं. २० डिसेंबर २०१८ ला केंद्रानं दहा यंत्रणांची नावं जाहीर केली. कुठल्याही कॉम्प्युटरमधली माहिती त्यांनी बघावी. ओरड झाली तेव्हा सांगितलं, घाबरू नका, दर प्रकरणाला गृहसचिवांची मंजुरी लागते आणि वर तपासायला समिती आहे.

त्या समितीचं काम न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या २०१८ च्या अहवालात आलंय. माहिती अधिकारातल्या आकड्यांवरून त्यात म्हटलंय की बैठक दोन महिन्यांतून एकदा, आणि एका बैठकीत तपासायचे हुकूम १५,००० ते १८,०००! मी पडलो कॉमर्सचा, लगेच पेन्सिल काढली. बैठक आठ तास चालली, चहालाही कुणी उठलं नाही, असं धरा. झाले २८,८०० सेकंद. म्हणजे एका हुकुमाला दोन सेकंदसुद्धा नाहीत. अहो, तेवढ्यात माझा चष्मा नाकावर बसत नाही! पाचशे रुपयांचा चेक पास करायचा तरी तारीख, आकडा, अक्षर, सही, सगळं ताडून बघतो आम्ही.

शिवाय, ज्यानं व्हाउचर लिहिलं त्यानंच पास केलं तर आमच्याकडे मेमो हातात पडतो. इथं मागणारे सरकारी, मंजुरी देणारे सरकारी आणि केंद्राच्या समितीतले तिघंही सचिवच. न्यायाधीश एक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले, तिघं सचिव मात्र तसेच.

आणि ज्याचं ऐकलं त्याला कळवायची पद्धतच नाही. आम्ही खात्यातून दहा रुपये कापले तरी एसएमएस जातो! मुंबईच्या एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे २००९-१० मधले तीन हुकूम मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द केले. त्याच्यावर खटला झाला म्हणून त्याला ते कळले तरी. ज्यांच्यावर खटलाच झाला नाही, त्यांना कोण सांगणार?

हे सगळं मी परवा अण्णांना ऐकवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग स्वतःचा फोन उशीखाली सारला, वर लोड ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “ते जावयाचं तेवढं फोनवर कुठं बोलू नका हं.”