घास अडकलेल्या रुग्णाला छोट्या डोसची चाचणी हवी

धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीसारख्या गावात अन्ननलिकेचा कर्करोग पहिल्यांदा जाणवतो तो ताटावर. भाकरीचा घास छातीत अडकतो, मग माणूस ती वरणात कुस्करून खाऊ लागतो. पुढे वरणभातही उतरेनासा होतो. पाण्याचा घोट परत येऊ लागतो, तोवर पित्ताच्या गोळ्या खाण्यात कित्येक महिने गेलेले असतात.

या भागाला हा आजार नवा नाही. ढोकीवरून जाणाऱ्या लातूर-बार्शी रस्त्यावरच्या बार्शीत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. धाराशिव जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे तालुके तिच्यात आहेत. पुरुषांच्या कर्करोगांत अन्ननलिकेचा क्रमांक तिथे वरचा राहिला आहे.

या आजारात शरीर मात्र स्वस्थ बसलेले नसते. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी गाठीत शिरतात, आणि ज्यांच्या गाठीत या मारक पेशी भरपूर असतात, ते रुग्ण सहसा जास्त जगतात. अडचण अशी की या पेशींवर पीडी-1 नावाचा ब्रेक असतो आणि गाठ नेमका तोच दाबून धरते. निवोलुमॅब हे औषध तो सोडवते. केमो-रेडिएशन आणि शस्त्रक्रिया होऊनही काढलेल्या भागात रोग शिल्लक सापडलेल्या रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली. 2021 च्या निष्कर्षांत आजार उलटण्याआधीचा मध्यक काळ 11 महिन्यांवरून 22.4 महिन्यांवर गेला.

पण त्या चाचणीत डोस सुरुवातीला दर दोन आठवड्यांना 240 मिलिग्रॅम असा होता. कोरडवाहू शेतकऱ्याने एवढे महाग औषध आणायचे कुठून?

उत्तराची वाट मुंबईच्या टाटा रुग्णालयाने दाखवली आहे. डोके आणि मानेच्या बळावलेल्या कर्करोगात तिथल्या डॉक्टरांनी स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी अवघे 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब दिले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. अन्ननलिकेची गाठ वेगळी, म्हणून हा आकडा तिला जसाच्या तसा लावता येणार नाही. छोटा डोस तिथे चालतो का, ते पडताळायलाच हवे, आणि इथेच.

धाराशिव जिल्हा अशा कामाला सरावलेला आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी इथल्या 1,31,746 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने 2009 मध्ये जगाला दाखवून दिले की एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. इथल्या बायकांनी जगाला एवढा पुरावा दिला. आता सरकारने टाटा आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाला सोबत घेऊन अन्ननलिकेसाठी छोट्या डोसची चाचणी उभी करावी, तिच्यातले औषध मोफत द्यावे, आणि घास अडकल्याची पहिली तक्रार येताच धाराशिवमध्ये त्याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी होईल अशी सोय करावी.