काटेवाडीचे घर आणि पुरोगामित्वाचा हिशेब

१९६० साली बारामती लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. केशवराव जेधे यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी काँग्रेसने त्यांचे पुत्र गुलाबराव यांना उभे केले, तर शेतकरी कामगार पक्षाने काटेवाडीच्या पवारांचे थोरले चिरंजीव, वकील वसंतराव पवार यांना. त्यांच्या मातोश्री शारदाबाई शेकापच्या जुन्या, निष्ठावंत कार्यकर्त्या. मात्र त्याच घरातील विशीही न गाठलेला, पुण्यात शिकणारा मुलगा काँग्रेसच्या प्रचारात उतरला, तोही सख्ख्या भावाविरुद्ध! या मुलाचे नाव शरद. वसंतरावांनीच धाकट्या भावाला आपल्या पक्षाचे काम करण्याची मोकळीक दिली, असे शरद पवारांनी पुढे लिहून ठेवले आहे. वसंतराव हरले; घर मात्र मोडले नाही.

पवार घराण्याविषयी महाराष्ट्रात दोनच प्रकारांनी बोलले जाते. एक वर्ग आरती ओवाळतो, दुसरा वर्ग शिव्याशाप देतो. राष्ट्रीय विचाराच्या कार्यकर्त्याने या दोहोंच्या पलीकडे जाऊन १९६० सालच्या त्या घराकडे पाहिले पाहिजे, कारण आजच्या बारामतीतील बऱ्याच गोष्टींचा उलगडा तेथे होतो.

शारदाबाईंचा जन्म १९११ सालचा, माहेर कोल्हापूरकडील भोसल्यांचे. त्यांचे शिक्षण पुण्याच्या सेवासदनात झाले. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी उभी केलेली ही संस्था. पुरोगामित्वाची वंशावळ सांगताना महाराष्ट्रातील वक्ते फुले-शाहू-आंबेडकर ही तीन नावे एका श्वासात घेतात. त्या थोर पुरुषांविषयी आदरच आहे. परंतु बहुजन समाजातील एका मुलीला घडवणाऱ्या सेवासदनाचे नाव त्या व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते, हेही नमूद केले पाहिजे. १९३८ साली शारदाबाई पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. १९४० च्या डिसेंबरात शरद पवारांचा जन्म झाला, आणि अवघ्या काही दिवसांच्या त्या बाळाला कडेवर घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीस गेल्या. अकरा मुलांचा संसार, शेती, वर सार्वजनिक काम! या बाईंच्या कर्तृत्वाला कोणत्याही विचाराच्या माणसाने मान द्यावा. मुलेही नाना वाटांनी गेली. आप्पासाहेबांनी शेतीविकासाचे काम अंगावर घेतले, अनंतराव चित्रपटसृष्टीत नोकरीस गेले, प्रतापराव उद्योगात आणि पुढे ‘सकाळ’मध्ये स्थिरावले. राजकारण हा तेव्हा घराचा धंदा नव्हता.

या घराचे जावई प्रा. एन. डी. पाटील. शरद पवारांच्या भगिनी सरोजताई त्यांच्या पत्नी. एन. डी. आयुष्यभर शेकापचे राहिले. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचा करार १९९३ साली मेहुणे मुख्यमंत्री असताना झाला, तरी एन. डी. त्या प्रकल्पाच्या विरोधकांत होते. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी रायगडमधील शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्याचे घाटत होते तेव्हाही ते त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. रयत शिक्षण संस्थेत दोघांनी बरोबरीने काम केले आणि संस्थेबाहेर एकमेकांना विरोध केला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी मांडलेली अनेक मते हिंदुत्वाच्या विचाराच्या माणसाला पटण्याजोगी नव्हती. तथापि मुख्यमंत्र्याच्या नात्याचा आधार घेऊन त्यांनी आपली भूमिका मऊ केली, असे त्यांचा कडवा विरोधकही म्हणणार नाही. १७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. पवारांच्या घरातील जुनी, मतभेद पचवणारी परंपरा अखेरपर्यंत पाळणारा हा जावई होता.

मेहुण्यांनी मात्र ‘पुरोगामी’ या शब्दाचा वेगळाच उपयोग शोधून काढला. १९७८ च्या जुलैत वसंतदादा पाटलांचे सरकार पाडून जी आघाडी सत्तेवर आली तिचे नाव ‘पुरोगामी लोकशाही दल’, म्हणजे पुलोद. अडतिशीही न गाठलेले शरद पवार मुख्यमंत्री झाले. त्या मंत्रिमंडळात एन. डी. पाटील सहकार खाते सांभाळत होते, आणि जनता पक्षात विलीन झालेल्या जनसंघाचे उत्तमराव पाटील महसूलमंत्री होते, हशू अडवाणीही मंत्री होते. ज्यांना आज पुरोगामी मंडळी ‘प्रतिगामी’ म्हणून हिणवतात त्याच प्रवाहातील ही माणसे तेव्हा पुरोगामी दलात चालली! शब्द तोच राहिला, सोयीप्रमाणे आत कोणाला घ्यायचे ते बदलत गेले. १९९९ च्या जूनमध्ये सोनिया गांधींच्या विदेशी मूळच्या प्रश्नावर पक्ष निघाला आणि त्याच वर्षी त्याच काँग्रेसबरोबर सरकारात बसला, यात बारामतीच्या जाणकारांना नवल वाटले नाही.

एवढे म्हणून थांबणारा टीकाकार मात्र बारामती समजू शकत नाही. जिरायती भागातील पाझर तलावांची कामे, १९७१ साली आप्पासाहेबांच्या पुढाकाराने उभे राहिलेले कृषी विकास प्रतिष्ठान, पाठोपाठ विद्या प्रतिष्ठान, मुलींसाठी शारदानगरचा परिसर, ही कामे डोळ्यांनी दिसतात. पाझर तलावांच्या मजुरीसाठी ख्रिस्ती मदतसंस्थेच्या धान्याचाही उपयोग झाला होता, हे ध्यानात ठेवावे. दुष्काळी गावात धान्य घेऊन सर्वप्रथम कोण पोहोचतो, हा प्रश्न वनवासी क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवा नाही. प्रश्न कामाच्या दर्जाचा नाहीच. संस्था, कारखाना, दूधसंघ, बँक आणि पाटपाणी यांच्या साऱ्या दोऱ्या हळूहळू एका घराच्या हाती आल्या, हा आहे. जेथे मुलाचा प्रवेश, उसाची तोड आणि कर्जाचा हप्ता एकाच वाड्याशी जोडलेला असतो, तेथे विरोधी मत बाळगणे ही चैन ठरते.

शेजारच्या इंदापुरात या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसते. नीरा डावा कालवा बारामती ओलांडून इंदापुरात उतरतो, म्हणजे इंदापूरकर कालव्याच्या शेपटाला. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला उजनीचे पाणी भरलेले. अनेक गावांच्या जमिनी त्यात गेल्या, आणि २०२१ साली उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा आदेश निघाला तर सोलापूर जिल्हा पेटून उठला व तो आदेश मागे घ्यावा लागला. अशा तालुक्यातील पुढाऱ्याला बारामतीशी वैर परवडत नाही आणि संपूर्ण शरणागतीही परवडत नाही. शंकरराव बाजीराव पाटील हे इंदापूरचे जुने, स्वतंत्र वजनाचे नेते. १९८० व १९८९ साली तेच बारामतीचे खासदार होते. त्यांचे पुतणे हर्षवर्धन पाटील १९९५ साली अपक्ष निवडून येऊन युती सरकारात राज्यमंत्री झाले, पुढे काँग्रेस आघाडीचे मंत्री, २०१९ साली भाजपचे उमेदवार, २०२४ साली शरद पवारांच्या पक्षाचे. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही वेळा त्यांना दत्तात्रय भरणे यांनी हरवले. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या परिसरातील पृथ्वीराज जाचक यांनी २००४ साली भाजपच्या चिन्हावर खुद्द शरद पवारांविरुद्ध लोकसभा लढवली. २०२५ साली त्याच कारखान्याच्या निवडणुकीत ते अजित पवारांच्या सोबतीने उतरले. या मंडळींना सरसकट संधिसाधू म्हणणे सोपे आहे. पण पाणी ज्याच्या हाती, त्याच्या दाराशी ऊस पिकवणाऱ्याला कधी ना कधी जावे लागते.

हाच प्रश्न आपल्या अंगणातही विचारला पाहिजे. बारामतीत प्रतिकूल काळात काम करणारे कार्यकर्ते आहेत. आणीबाणीनंतर १९७७ साली आणि पुन्हा १९८५ च्या पोटनिवडणुकीत जनता पक्षाचे संभाजीराव काकडे येथून लोकसभेवर गेले. २०१४ साली महादेव जानकर सुमारे सत्तर हजार मतांच्या अंतरापर्यंत पोहोचले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पंतप्रधान नरेंद्र मोदींनी बारामतीत काका-पुतण्यांच्या सत्तेवर प्रहार केला, आणि चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, ते बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात पाहुणे म्हणून आले. विकासकामाचे कौतुक करण्यात गैर काही नाही. परंतु पोलचिटा वाटत उन्हात फिरलेल्या गावच्या कार्यकर्त्याने त्या दिवशी काय समजावे? जुलै २०२३ मध्ये अजित पवार युतीच्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले, तेव्हा तोच कार्यकर्ता पुन्हा अबोल झाला. ‘राजकारणात असे करावे लागते’ हे उत्तर त्याने शिस्त म्हणून स्वीकारले. पण ते त्याच्या शंकेचे उत्तर नव्हते, आणि शंका विचारणे म्हणजे निष्ठेत उणे येणे नव्हे.

१९६० साली एका घरात दोन पक्ष होते. २०२४ साली एका पक्षाची दोन घरे झाली. वसंतराव आणि शरदराव यांच्यात विचारांचा भेद होता. २०२४ च्या लोकसभेत नणंद सुप्रिया सुळे आणि भावजय सुनेत्रा पवार समोरासमोर आल्या, तेव्हा शेती, सहकार वा समाजकारण यांविषयी कोणता भेद मतदारांपुढे ठेवला गेला? प्रचारात ऐकू आले ते ‘मूळचे पवार’ कोण आणि ‘बाहेरून आलेले’ कोण. शारदाबाई स्वतः सासरी आलेल्या सून होत्या. सुनेला परके ठरवणारा हा वाद त्यांच्या घराच्या नावाने व्हावा, याचे वाईट वाटते.

जूनमधील निकालात बारामती विधानसभा क्षेत्राने सुप्रिया सुळे यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी दिली. नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारांनी अजित पवार यांना पुतणे युगेंद्र यांच्यावर एक लाखाहून अधिक मतांनी विजयी केले. दोन्ही वेळा पहिली दोन नावे पवारांचीच होती, आणि तिसऱ्या नावाकडे मतमोजणीच्या मांडवात कोणी वळूनही पाहिले नाही.