आधी वाचक, मग सजावट

घर बांधायला काढले की जाणता माणूस आधी वारा कुठून येतो आणि पावसाचे पाणी कुठे उतरेल हे पाहतो. भिंतीला रंग कोणता द्यायचा, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. चिखलदऱ्यात तर हा क्रम सोडून चालतच नाही. इथला पाऊस आणि धुके हौसेने दिलेला रंग लवकरच उडवून टाकतात. मात्र हीच माणसे संगणकावर घर बांधायला बसली की क्रम उलटा होतो. आधी रंग, मग खिडक्यांची नक्षी, आणि घरात राहणार कोण, हा प्रश्न कोणी विचारतच नाही!

हे लिहिण्यास कारणही तसेच आहे. आमच्या वर्गात यंदा एक चर्चा झाली. महाविद्यालयाचे भित्तिपत्रक जिन्याजवळच्या फळ्यावर लागते आणि महिन्याभराने उतरते. ते कायमचे राहावे म्हणून त्याचे एक संकेतस्थळ काढावे, असा विचार पुढे आला. विचार उत्तमच होता. पण पुढचे आठ दिवस आम्ही काय केले? तर थीम पाहिल्या! कोणी सरकत्या चित्रांची थीम आणली, कोणी काळ्या पार्श्वभूमीची, कोणी विकतची. लेख किती, कोणाचे आणि वाचणार कोण, यावर कोणी अवाक्षर काढले नाही. त्या चर्चेत माझे जे मत होते, तेच येथे मांडीत आहे.

ज्यांना या गोष्टींचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. असे स्थळ उभारण्याचे सर्वांत प्रचलित साधन म्हणजे वर्डप्रेस. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते २००३ साली प्रसिद्ध केले. ते फुकट वापरावे, बदलावे आणि दुसऱ्यालाही द्यावे, अशी त्याच्या परवान्यातच मुभा आहे. २००४ साली त्यात प्लगइनची आणि २००५ साली थीमची सोय झाली. थीम म्हणजे घराचा दर्शनी भाग आणि खोल्यांची मांडणी. प्लगइन म्हणजे बाहेरून आणून बसविलेली एखादी सोय. आज नुसत्या फुकट प्लगइनांची संख्याच साठ हजारांच्या आसपास आहे. पहिल्या प्लगइनचे नाव ‘हॅलो डॉली’. लुई आर्मस्ट्राँगने गायिलेल्या एका गाण्याची ओळ ते चालकाच्या पडद्यावर कोपऱ्यात दाखविते. यापलीकडे त्याचे काही काम नाही. प्लगइन कसे लिहावे याचा नमुना म्हणून ते ठीक आहे. पण साठ हजारांच्या बाजारात आपणही कामावाचूनची दहा-वीस ‘डॉली’ घरी घेऊन येतो, ही खरी गोष्ट आहे.

मग निवड कशी करावी? माझ्या मते कसोट्या तीनच आहेत.

पहिली कसोटी आपल्या लिपीची. बहुतेक थीम ज्यांनी रचल्या त्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी मजकूर होता. इंग्रजी शीर्षकातील अक्षरे एकमेकांपासून थोडी दूर सारली की ती ऐटदार दिसतात. तीच युक्ती देवनागरीवर झाली की शिरोरेखा तुटते आणि शब्द फुटलेल्या कौलांसारखा दिसतो. इंग्रजी ओळींना थोडे अंतर पुरते; आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने दोन ओळी एकमेकींच्या अंगावर येतात. नमुन्याच्या पानावर इंग्रजी मजकूर पाहून थीम निवडणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घेणे होय.

त्यातही मराठीचे मागणे हिंदीहून थोडे वेगळे आहे. आपला ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण निराळे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी निर्णय काढून ते निश्चितही केले आहे. आपला ‘ऱ्य’ निराळा. तो नीट उमटला नाही तर आमच्या सातपुड्यातील दऱ्यांचा ‘दर्या’ होतो आणि गाविलगडाच्या पायथ्याशी समुद्र येतो! या बाबतीत आपण निराधार मात्र नाही. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी अक्षरकाराने रेखाटला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतो. ‘तिरो देवनागरी’ या फॉन्टमध्ये तर हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन स्वतंत्र प्रकार आहेत. संकेतस्थळाच्या मांडणीत भाषा ‘मराठी’ अशी नोंदविली, की ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे तो आपल्या वळणाची अक्षरे दाखवितो. एवढी एक नोंद करायला अर्धा मिनिट लागतो. आम्ही मात्र आठ दिवस रंग पाहत बसलो.

दुसरी कसोटी वाचकाच्या हातातल्या फोनची. मेळघाटातले हरिसाल २०१६ साली ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजले, ही आम्हांला अभिमानाची गोष्ट आहे. तथापि डोंगर तो डोंगरच. एका वळणावर रेंज असते, पुढच्या वळणावर नसते. रिचार्ज संपत आला की घरातला एकच फोन जपून वापरावा लागतो. अशा वाचकापर्यंत आपला लेख पोहोचवायचा आहे, हे धरून चालावे.

आता थोडा हिशेब करू. प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, इंग्रजीच्या तिप्पट. तरीही दीड हजार शब्दांचा अख्खा लेख साधारण तीस किलोबाइटमध्ये बसतो. उलट फोनने काढलेले एक छायाचित्र सहज तीन मेगाबाइटचे भरते. म्हणजे देवी पॉइंटचे एक छायाचित्र आहे तसे वर चढविले, तर शंभर लेखांचे वजन वाचकाच्या माथी पडते. सरकत्या पट्टीत अशी पाच छायाचित्रे असली तर पाचशे लेखांचे! आणि ती पाहण्यासाठी कोणी आलेलेच नसते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. छायाचित्र लहान करून टाकावे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फॉन्ट मुळातच असतो. मजकुरासाठी तोच वापरला तर वेगळा फॉन्ट उतरवून घेण्याचा भारही वाचकावर पडत नाही.

माझे बाबा चौथीपर्यंत शिकले. घरी म्हशी आहेत, खव्याचा धंदा आहे आणि पुस्तक म्हणावे तर माझीच क्रमिक पुस्तके. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. एका संध्याकाळी मी त्यांना फोनवर एक झगझगीत संकेतस्थळ दाखविले. चित्रे सरकत होती, मध्येच एक चौकट उघडून काहीतरी विचारत होती. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “बाई, हे दिसते तं लय झकपक, पण वाचाचं कुठून सुरू कराचं?” मला वाटते, थीमविषयी याहून नेमका प्रश्न कोणी तज्ज्ञही विचारणार नाही. ज्या थीममध्ये हा प्रश्न पडत नाही ती चांगली थीम. वर्डप्रेस स्वतः २०१० पासून वर्षांची नावे असलेल्या साध्या थीम देत आले आहे. आम्हांला त्यांतली एखादी पुरेल.

तिसरी कसोटी टिकाऊपणाची, आणि माझ्या लेखी हीच सर्वांत महत्त्वाची. खरे पाहता थीम बदलली तरी मजकूर तसाच राहायला हवा; तो वेगळ्या कोठारात ठेवलेला असतो. पण काही थीम आणि पाने सजविणारी काही प्लगइने मजकुराच्या पोटात आपल्याच खुणा पेरून ठेवतात. ती काढून टाकली की लेखभर कंसांतील निरर्थक शब्द विखुरलेले दिसतात. आपला मजकूर ओलीस राहतो! मराठीला हा अनुभव नवा नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली, तरी त्यानंतरही कितीतरी वर्षे आपल्याकडे जुन्या, परस्परांशी न जुळणाऱ्या फॉन्टांत टंकन चालू राहिले. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर आज त्या लेखांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसते. एका पिढीचे लिहिलेले असे मुके झाले.

आमच्या भित्तिपत्रकात काही कोरकू मित्रमैत्रिणी आपल्या घरचे शब्द, गोष्टी आणि कोडी देवनागरीत लिहितात. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषा नव्हे. ती मुंडा कुळातली. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदविली. पण तिचे छापलेले साहित्य किती थोडे आहे, हे ग्रंथालयात गेल्यावर कळते. आजीच्या तोंडून ऐकलेला शब्द कोणी एकदाच लिहून ठेवला असेल आणि तोच एखाद्या हौशी प्लगइनच्या नादात हरवला, तर तो पुन्हा कोणाकडे मागणार? म्हणून मी म्हणते, की निवडीचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही.

प्लगइनच्या बाबतीत मला संत गाडगेबाबांची आठवण होते. आपल्या अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव आणि आपल्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव. जवळ काय? एक गाडगे आणि एक खराटा. एवढ्यावर त्यांनी महाराष्ट्र जागा केला. आपल्यालाही दोनच गोष्टी आधी हव्यात. सगळ्या मजकुराची नियमित प्रत काढून ठेवणारे एक प्लगइन, हे आपले गाडगे. नको तो कचरा अडविणारे दुसरे, हा आपला खराटा. त्यापुढचे प्रत्येक प्लगइन घेताना “हे नसले तर वाचकाचे काय अडेल?” असा प्रश्न विचारावा. उत्तर “काही नाही” असे आले, तर ते घेऊ नये. घ्यायचेच तर ते शेवटचे कधी सुधारले आणि चालू आवृत्तीवर तपासले आहे काय, हे त्याच्याच पानावर लिहिलेले असते, ते वाचावे. मालकाने सोडून दिलेले प्लगइन म्हणजे कडी नसलेले दार. त्यातून कोण शिरेल याचा नेम नाही.

काही सोयी तर प्लगइनशिवाय, नुसत्या विचाराने होतात. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर व्हॉट्सॲपवर पाठविताना पुष्कळदा त्यातील प्रत्येक चिन्हाची टक्केचिन्हांसह नऊ अक्षरे होतात. ‘चिखलदरा’ या एका शब्दाची त्रेसष्ट! शिवाय वर्डप्रेस हा पत्ता दोनशे अक्षरांवर तोडते, म्हणजे लांब मराठी शीर्षक बाविसाव्या चिन्हापाशीच संपते. त्यापेक्षा पत्ता लहानसा आणि रोमन लिपीत द्यावा, शीर्षक मात्र ऐटीत मराठीत ठेवावे.

यावर एका मैत्रिणीने घेतलेला आक्षेप मला अजून विसरता येत नाही. ती म्हणाली, “आपण डोंगरातली पोरं. आपलं साधं दिसलं, तर लोक म्हणतील यांना जमलंच नाही. चांगलं दिसण्याचा हक्क काय शहरवाल्यांनाच आहे?” हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. आपल्या भागाचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा कुपोषणासाठी नाहीतर वाघासाठी. मग आपले पान उजळ दिसावे असे कोणाला वाटणार नाही? मलाही वाटते. पण चांगले दिसणे म्हणजे काय, याबद्दल माझे मत निराळे आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले ते दोन रकान्यांत, एकीकडे मराठी आणि एकीकडे इंग्रजी. वाचक दोन प्रकारचे होते, म्हणून रकाने दोन झाले. मांडणी वाचकाकडे पाहून ठरली, आणि आज दोनशे वर्षे होत आली तरी आपण तिचे नाव घेतो. शुद्ध अक्षर, मोकळी ओळ, चटकन उघडणारे पान आणि लेखकाचे ठळक नाव यांतही सौंदर्य आहे. शहरातल्या पानाची नक्कल करून आपण फार तर दुसऱ्या नंबरची नक्कल होऊ. आपले लेखन वाचता आले, तर मात्र आपण आपल्या जागी पहिले असू.

म्हणून माझी सूचना आहे. थीम निवडण्याची सभा संगणकाच्या खोलीत भरवू नये. गेल्या वर्षीचा एक मराठी लेख आणि एक कोरकू गोष्ट दोन-तीन साध्या थीममध्ये घालून पाहावी. वर्गातला सर्वांत स्वस्त फोन घ्यावा, घाटात रेंज जेमतेम लागते अशा ठिकाणी उभे राहावे आणि पान उघडावे. ज्या थीममध्ये ती गोष्ट आधी दिसेल आणि शेवटपर्यंत वाचता येईल, ती थीम आपली. मग तिला रंग कोणता द्यायचा यावर खुशाल भांडू. निळ्याला माझे एक मत आत्ताच धरून ठेवावे!