मोरीचं पाणी आणि परसातली भेंडी

जुन्या घराचं मागचं दार उघडलं की आधी मोरीची पन्हाळ दिसायची. तिच्या तोंडाशी अळूचं दाट बेट, पलीकडे दोन केळी, थोडी कर्दळ आणि उताराने पुढे सरकणाऱ्या पाटाच्या कडेला भेंडी-गवारीचा छोटासा वाफा. तांदूळ धुतले, पालेभाजी निवडून धुतली, हंडा विसळला, की ते सगळं पाणी आपल्या पायांनी अळूपर्यंत जायचं. बागेला पाणी घालणं असं वेगळं काम त्या घरात नव्हतंच. म्हणून भर चैत्रात, विहिरीने तळ गाठलेला असतानाही परसात हिरवं काहीतरी टिकून असायचं.

घरं नवी झाली तशी ही पन्हाळ गेली. मोरीच्या जागी सिंक आलं, सिंकखालून पाइप निघाला आणि तो थेट गटाराला जोडला गेला. मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. आता मार्च उजाडला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, ‘उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, बागेला कुठून घालणार?’ जागेची अडचण अनेकांची खरी आहे, तिच्यावर वाद नाही. पण ज्यांच्या घरामागे चार हात मोकळी माती आहे, त्यांनी पाण्याचं कारण सांगू नये. पाणी त्यांच्या घरात रोज येतं, वापरलं जातं आणि बागेला वळसा घालून निघून जातं. परसबाग जागेअभावी मेली त्याहून अधिक त्या पाइपाने मारली.

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात जोमाने वाढणाऱ्या भाजीला दिवसाला साधारण पाच-सहा मिलिमीटर पाणी लागतं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद वाफा म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर, म्हणजे रोज पन्नासेक लिटर, तीन बादल्या. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी १३५ लिटरचा आहे, ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने ५५ लिटर धरले आहेत. चार माणसांच्या खेड्यातल्या घरातही दिवसाला २२० लिटर पाणी यायला हवं. त्यातलं पिण्यात आणि स्वयंपाकात मुरतं ते थोडं, बाकीचं वापरून बाहेरच पडतं. त्यातल्या तीन बादल्या वळवल्या की शंभर चौरस फुटांचा वाफा जगतो. जिथे नळ तीन दिवसांनी येतो तिथे हे गणित तंग होतं, हे मान्य. तिथे वाफा निम्मा करावा, पण मोडू नये.

इथे एक आक्षेप रास्त आहे. उघडी सांडपाण्याची नाली म्हणजे डास, घाण आणि आजार. गटारं बंद झाली ती उगाच नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, उघडी नाली बंद केली आणि गाव डासमुक्त झालं. तोच पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून इतर गावांनी उचलला. हे काम मोलाचंच आहे. पण त्यातून शिकायचं ते एवढंच की पाणी साचू द्यायचं नाही, मातीत मुरू द्यायचं. ते खड्ड्यात मुरण्याआधी दोन आळ्यांमधून, एका केळीच्या बुंध्यातून गेलं तर काय बिघडलं? संडासाचं पाणी आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नव्या बांधकामात त्या एकाच पाइपात ओतल्या जातात, ही खरी चूक आहे. घर बांधताना स्वयंपाकघराच्या सिंकला दुसरी वाट आणि एक छोटा वाल्व्ह ठेवणं हे प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम. बांधकाम परवानगी देताना पावसाच्या पाण्याची सोय विचारली जाते, तशी याचीही विचारायला हवी.

तोवर सिंकखाली एक बादली पुरते.

साबणाचं मात्र भान हवं. पूर्वी भांडी राखेने घासली जायची, आज डिटर्जंट आहे. त्यातलं सोडियम मातीत साठत गेलं की माती चोपण होते, पाणी वरच उभं राहतं. म्हणून फेसाचं पाणी केळी, अळू, कर्दळ यांच्याकडे आणि बिनसाबणाचं पाणी भाजीच्या वाफ्याकडे, अशी वाटणी करावी. तेही पानांवर न ओतता बुंध्याशी. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून जे पाणी फेकलं जातं त्यात क्षार जास्त असतात, त्याने फरशी पुसावी. एसीतून ठिबकणारं पाणी झाडांना खुशाल चालतं.

पाणी आलं की दुसरं काम ते टिकवण्याचं. उन्हाळ्याची सुरुवात आता पूर्वीसारखी सौम्य राहिलेली नाही. २८ मार्च २०१७ रोजी रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्यात पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली होती, आणि २०२२चा मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत तापलेला मार्च ठरला. अशा उन्हात उघडी माती म्हणजे तवा. वाफ्यावर चार बोटं जाड पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरलं की फरक हाताला कळतो. दुपारी दोन वाजता आच्छादनाखाली बोट घालावं, पेरभर खाली माती गार आणि ओलसर लागते. शेजारी उघड्या जागी तीच माती भाजलेल्या पिठासारखी. फक्त पाचट बुंध्याला चिकटवू नये आणि वाळवीवर लक्ष ठेवावं. लाल माठाच्या, कोथिंबिरीच्या वाफ्यावर बारा ते चार जुनं सुती लुगडं ताणलं तरी पुरतं, हिरवी जाळी विकत आणलीच पाहिजे असं नाही.

नव्याने बाग करणारे दुपारी काकडीची, दुधीची पानं मान टाकून बसलेली पाहतात आणि धावत पाणी ओततात. मोठ्या पानांचे वेल कडक उन्हात असे मलूल पडतातच, मुळाशी ओल असली तरी. ऊन उतरल्यावर पानं पुन्हा ताठ झाली तर वेल तहानलेला नव्हता. सकाळीही पानं पडलेली दिसली तर पाणी खरंच कमी पडतंय. नाहीतर जास्त पाण्यानेच मुळं कुजतात.

भेंडीसारखं उन्हाळ्याला धरून येणारं दुसरं पीक परसात नाही. बी रात्रभर भिजवायचं, सकाळी ओळीत टोकायचं, दोन रोपांत वीतभर अंतर. पाने पिवळी आणि शिरा त्याहून पिवळ्या दिसू लागल्या की तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असतो, त्यावर औषध नाही. रोप उपटायचं, हळहळत बसायचं नाही. या रोगाला तोंड देणारा ‘परभणी क्रांती’ हा वाण मराठवाडा कृषी विद्यापीठाने दिला, हे मराठी माणसाने अभिमानाने सांगावं असं आहे. पानं उलटून पाहायची सवय लावली तर मावा दुसऱ्या दिवशीच सापडतो. पन्नास ग्रॅम लिंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारली की बहुतेक वेळा भागतं.

दोडक्याची तक्रार वेगळी असते. वेल मांडवभर झाला, फुलं मुबलक आली, फळ एकही नाही. याचं उत्तर संध्याकाळी मांडवाखाली उभं राहिल्यावर मिळतं. दोडक्याचं पिवळं फूल उमलतं ते दिवस कलल्यावर. एकाच पेरातून नरफुलांचा घोस निघतो, आणि एकटंच एक मादीफूल, ज्याच्या मागे करंगळीएवढा इवला दोडका आधीच दिसत असतो. सुरुवातीला बरेच दिवस नरफुलंच येतात, कडक उन्हात तर जास्तच. मादीफूल दिसलं आणि आजूबाजूला एकही पाकोळी फिरकत नसेल तर नरफूल खुडून, पाकळ्या मागे सारून त्याचा पराग मादीफुलावर हलकेच टेकवायचा. आठवडाभरात करंगळीचा दोडका हातभर होतो. घोसाळ्याचं आणि कारल्याचं हेच काम सकाळी करायचं. एवढं बारीक पाहणं कोणतंही पाकीट, कोणतंही खत शिकवत नाही.

बियाण्याच्या बाबतीत अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं उदाहरण समोर आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी वाल, घेवडे, वांगी, पालेभाज्या यांची गावठी वाणं घरात जपली, वाटली, आणि २०२०च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, गावठी भेंडीची दोन बोंडं झाडावर वाळू दिली की पुढच्या वर्षाचं बी हातात येतं. राहीबाईंच्याही आधी श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं हे मांडलं होतं. परसातला शंभर चौरस फुटांचा वाफा त्या दहा गुंठ्यांचा शंभरावा भागही नाही. त्यावर घर चालणार नाही. पण आठवड्यातून तीन दिवस ताटात पडणारी भाजी कोणत्या पाण्यावर वाढली आणि तिच्यावर काय फवारलं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल.

पाडव्याच्या आसपास टोकलेली भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, म्हणजे ऐन मे महिन्यात तोडायला येते. तेव्हा शाळांना सुट्टी असते, नातवंडं आजोळी आलेली असतात. भेंडी दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते आणि झाड नवी धरायचं मंदावतं. हे काम लहान हातांना छान जमतं. भेंडीची लव खाजते म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला सांगावं, आणि जाताना सिंकखालची बादली त्यांच्याच हातात द्यावी.