योजनाचें माप आणि आमचा पूर्वाभिमान

निगडी येथील एका व्याख्यानमालेंत प्राचीन भारतीय विज्ञानावर नुकतेंच एक व्याख्यान झालें. तें ऐकण्याचा योग आम्हांस आला. सभागृह भरलेलें होतें. श्रोत्यांत भोसरी व चाकण येथील कारखान्यांतले अभियंते, निवृत्त कामगार व महाविद्यालयांतील मुलें-मुली यांचाच भरणा होता. वक्ते बहुश्रुत दिसले आणि त्यांची वाणीहि ओघवती होती. बोलतां बोलतां त्यांनीं सांगितलें कीं, युरोपास प्रकाशाच्या वेगाची वार्ताहि नव्हती, त्यापूर्वीं तीन शतकें सायणाचार्यांनीं तो आपल्या ऋग्वेदभाष्यांत बिनचूक लिहून ठेविला आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या शेजारीं आमचाच एक जुना विद्यार्थी बसला होता. त्यानेंहि टाळ्या वाजविल्या. वक्त्यांपेक्षां त्याच्याच टाळ्यांनीं आम्हांस हा लेख लिहिण्यास भाग पाडलें आहे.

हा विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यांत मालाच्या तपासणीवर आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचा फरक पडला तरी तयार झालेला भाग तो नापसंत करून बाजूस काढतो. हातांतलें मापच खरें आहे कीं नाहीं, हें तो आधीं ताडून पाहतो. असा मनुष्य रविवारीं सायंकाळीं सभागृहांत शिरतांच आपली मोजपट्टी दाराबाहेर कां ठेवतो?

सायणाचार्यांचें वचन खोटें नाहीं. अर्ध्या निमिषांत २२०२ योजनें आक्रमिणाऱ्या सूर्यास नमस्कार असो, अशा अर्थाचा उल्लेख त्यांच्या भाष्यांत आहे. पण योजन म्हणजे किती? सूर्यसिद्धांत पृथ्वीचा व्यास १६०० योजनें मानतो, आर्यभट १०५० योजनें मानतो. म्हणजे पहिल्याचें योजन सुमारें ८ किलोमीटर, तर दुसऱ्याचें १२ किलोमीटरांहून किंचित् अधिक. निमिषाचीहि तीच गत आहे. मनुस्मृतींत १८ निमिषांची एक काष्ठा, विष्णुपुराणांत १५ निमिषांची. मनूचें निमिष व आर्यभटाचें योजन घेतलें तर सेकंदास तीन लक्ष किलोमीटर हें उत्तर खरोखरच येतें. तेंच निमिष ठेवून सूर्यसिद्धांताचें योजन घेतलें कीं वेग दोन लक्षांच्या खालीं उतरतो. आणि पुराणांतलें निमिष त्याच योजनाशीं जोडलें तर तो सुमारें एक लक्ष पासष्ट हजारांवर येऊन थांबतो. एका वाक्याचीं इतकीं उत्तरें! त्यांतलें कोणतें निवडावें, हें ज्यास उत्तर आधींच ठाऊक आहे त्यासच सुचतें. शिवाय सायणाचार्य तेथें सूर्याविषयीं बोलत आहेत, आणि तो आंकडा कोणीं, कोठें, कशानें मोजला याविषयीं एक अक्षरहि लिहीत नाहींत. उलट १६७६ सालीं रोमर यानें गुरूच्या उपग्रहाचीं ग्रहणें कधीं लवकर, कधीं उशिरां लागतात हें पाहून प्रकाशास प्रवासाला वेळ लागतो असें अनुमान काढलें. त्याचा आंकडा बराच चुकीचा होता. परंतु त्याची रीत सर्वांसमोर होती, म्हणूनच मागाहून आलेल्यांस ती चूक दुरुस्त करतां आली.

आम्हांस पूर्वजांचा अभिमान नाहीं, असें कोणी म्हणेल. अभिमान आहे म्हणूनच हा खटाटोप. ज्यांच्यापाशीं खरें धन आहे त्यांच्या नांवावर खोटीं नाणीं खपविणें ही त्यांची पूजा नव्हे, विटंबना होय. नाणें खोटें ठरलें कीं लोक खऱ्यावरहि विश्वास ठेवीत नाहींत. मग आमच्याच मुलांपैकीं दुसरा पक्ष उभा राहतो. भारतीयांचें सारें ज्योतिष ग्रीकांकडून उसनें आलें, असें हा पक्ष कोणताहि ग्रंथ न वाचतां सांगतो. गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत कांहीं पाश्चात्य पंडित हेंच सांगत होते; त्यांनीं निदान कांहीं गणित तरी केलें होतें.

या दोन्ही पक्षांस उत्तर आमच्याच भाषेंत, १८९६ सालीं पुण्यांत छापलें गेलें आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा तो ग्रंथ. मुरूडचा हा शिक्षक पंचेचाळिशींतच, १८९८ सालीं वारला. शतपथब्राह्मणांत कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत व इतर नक्षत्रें ढळतात, असें वाक्य आहे. तेवढ्यावरून दीक्षितांनीं गणित मांडलें, कृत्तिका विषुववृत्तावर कधीं होत्या तो काळ काढला, आणि इ. स. पूर्वीं सुमारें ३००० वर्षें हें उत्तर जगापुढें ठेविलें. त्या वाक्याचा इतका नेमका अर्थ घेतां येत नाहीं, असा आक्षेप पुढें युरोपीय पंडितांनीं घेतला, आणि तो अगदींच टाकाऊ आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पण आक्षेप घेण्याजोगें कांहीं दीक्षितांनीं पुढें ठेविलें, हीच त्यांची थोरवी. आमच्या वक्त्यांच्या विधानांवर आक्षेप तरी कशावर घ्यावा?

वेदांगज्योतिषच घ्या. पांच वर्षांचें एक युग, त्यांत १८३० दिवस व ६२ चांद्रमास, असा त्याचा हिशेब. आज आपणांस ठाऊक असलेल्या मानानें ६२ चांद्रमासांस १८३०·९ दिवस लागतात. म्हणजे पांच वर्षांत चूक एका दिवसाचीहि नाहीं. नुसत्या डोळ्यांनीं आकाश पाहणाऱ्यांस हें साधलें, हें केवढें कौतुक! सौरवर्ष मात्र त्यांनीं ३६६ दिवसांचें धरलें, तेथें युगास पावणेचार दिवस अधिक झाले. तोच ग्रंथ सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा व सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा सांगतो. अठरा मुहूर्त म्हणजे १४ तास २४ मिनिटें. चिंचवडला आषाढांतसुद्धां एवढा दिवस कधीं होत नाहीं. सव्वातेरा तासांच्या आसपासच तो थांबतो. तें प्रमाण बरेंच उत्तरेकडे, ३५ अक्षांशांच्या सुमारास जुळतें, आणि बाबिलोनच्या इष्टिकालेखांतहि तेंच तीनास दोन प्रमाण आढळतें. तें आम्हीं त्यांच्याकडून घेतलें, त्यांनीं आमच्याकडून, कीं दोघांनीं स्वतंत्रपणें मोजलें, हा खरा गोड प्रश्न आहे! तो विचारावयाचा तर बाबिलोनी लोकांनीं शतकानुशतकें मातीच्या विटांवर रोजच्या रोज ग्रहांच्या नोंदी ठेविल्या, हेंहि मोकळ्या मनानें मान्य करावें लागतें. मेषादि राशि वेदांत नाहींत व वेदांगज्योतिषांतहि नाहींत. वाराचा उल्लेख असलेला आपल्याकडील अगदीं जुन्यांपैकीं लेख एरणचा, इ. स. ४८४ चा. वराहमिहिरास असल्या देवघेवीची लाज वाटली नाहीं. त्यानें रोमक व पौलिश सिद्धांत आपल्या ग्रंथांत संग्रहित केले. आणि यवन म्लेच्छ असले तरी हें शास्त्र त्यांच्यांत उत्तम रुजलें असल्यामुळें ते ऋषींप्रमाणें पूज्य होत, असें बृहत्संहितेंत सांगितलें. आमचे वक्ते वराहमिहिराहून अधिक सनातनी झाले कीं काय?

पुरावा पाहण्यास फार दूर जावयास नको. भोसरी-चाकणवरून मालगाड्यांच्या गर्दींतून जो नाशिकचा रस्ता जातो, त्यानेंच नारायणगांवावरून जुन्नरास व तेथून नाणेघाटास जातां येतें. तेथील लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेच्या लेखांत यज्ञांतल्या दक्षिणांचे आंकडे खोदलेले आहेत. गाई, घोडे, कार्षापण यांच्या संख्या, कोठें १७००, तर कोठें २४४००. शंभरास निराळें चिन्ह, हजारास निराळें. शून्य नाहीं, स्थानमूल्य नाहीं. आर्यभटाच्या गणितापर्यंत पोंचण्यास या देशास आणखी पांच-सहा शतकें खपावें लागलें, हें त्या भिंतीवर डोळ्यांनीं दिसतें. शून्य आम्हांस वेदकाळींच अवगत होतें असें म्हणणाऱ्यानें त्या भिंतीपुढें एकदां उभें राहावें. त्याच रस्त्यावर खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ-दुर्बिणी आज आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. आमच्या व्याख्यानमालांस त्यांची आठवण होत नाहीं.

आमच्या माहितींतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत दीक्षितांच्या ग्रंथाची एक प्रत आहे. आम्हीं ती मागविली तेव्हां तिच्या शेवटच्या पानावरील नोंदींत अखेरची तारीख एकवीस वर्षांपूर्वींची निघाली. व्याख्यानास मात्र बसावयास जागा नव्हती.

त्या व्याख्यात्यांस आम्हीं पत्र घालून, आपण योजन किती किलोमीटरांचें धरिलेंत आणि कोणत्या ग्रंथाच्या आधारें, एवढेंच विचारलें आहे. आमच्या जुन्या विद्यार्थ्यास निराळेंच काम सांगितलें. कार्तिकांत रात्र पडतांच घराच्या गच्चीवर जावें, होकायंत्रानें पूर्व निश्चित करावी आणि कृत्तिका कोठें उगवतात तें पाहावें. आज त्या पूर्वेस उगवत नाहींत. पूर्वेपासून सुमारें पंचवीस अंश उत्तरेकडे उगवतात. चाकणच्या दिव्यांच्या झगमगाटांत त्या दिसल्या नाहींत तर नाणेघाटाकडे जावें. कोन किती भरला तो त्यानें आम्हांस लिहून कळवावयाचा आहे, आणि मोजण्यांत चूक किती संभवते तेंहि, कारखान्यांत लिहितो तसेंच.