अंगणात गढी उठू द्या

सहामाही परीक्षा संपली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घराघरांपुढे किल्ले बांधायला सुरुवात होते. विटा, दगड, पोती, चिखल, उतारावर पेरलेले अळीव आणि जागोजाग मातीचे मावळे. यातले बहुतेक किल्ले रायगड, राजगड नाहीतर प्रतापगड असतात. हा मुलूख मात्र कऱ्हा, नीरा आणि भीमेच्या काठचा सपाट मुलूख. इथला बंदोबस्त डोंगराच्या भरवशावर नव्हता, तो गढीच्या आणि वाड्याच्या भिंतींवर होता. म्हणून इथल्या मुलांनी अंगणात गढी बांधावी, आणि ती घरातल्या टाकाऊ सामानातून बांधावी, असा माझा आग्रह आहे. टाकाऊ सामान आणि गढी यांचं चांगलं जमतं, ते मापामुळे.

मावळा चार इंचांचा धरला आणि खरा माणूस साडेपाच फुटांचा, तर दोन्हींत साडेसोळा पटींचा फरक येतो. त्या हिशेबाने हजार फुटांचा डोंगर करायचा तर साठ फुटांची रास घालावी लागेल, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढी. साहजिकच अंगणातल्या रायगडावर मावळा चार ढांगांत बालेकिल्ल्यावर पोचतो आणि चढ म्हणजे काय, घेरा म्हणजे काय, हे मुलांच्या हाती लागत नाही. गढीचं तसं नाही. पंचवीस फुटी बुरूज या मापात दीड फुटाचा होतो. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली पालथी घातली की त्याच्या जवळपास जाते, शिवाय खऱ्या बुरुजासारखी वर निमुळती होत जाते. चार बादल्या म्हणजे चार बुरूज. मधली भिंत डाळिंबाच्या खोक्यांच्या जाड पुठ्ठ्याची.

नुसत्या प्लास्टिकवर चिखल धरत नाही. बादलीला आधी गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळायचं, मग राडा थापायचा. पहिला हात ओलसर असतानाच दुसरा दिला तर भेगा पडतात, तेव्हा थोडी कळ काढावी लागते. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधली उंचवट्यांची एक ओळ कापून तटाच्या माथ्यावर बसवली की चर्या तयार. ठिबकच्या जुन्या नळीचे बोटभर तुकडे भिंतीत बाहेरच्या बाजूला उतरते खोचले की जंग्या होतात. हे तुकडे बसवताना मुलाला आपोआप प्रश्न पडतो की भोक उतरतं का? कारण शत्रू तटाच्या पायथ्याशी आलेला असतो आणि त्याला वरून टिपायचं असतं. बुरूज भिंतीच्या बाहेर का काढतात, हेही तिथेच कळतं: दोन बुरुजांवरचे पहारेकरी मधल्या भिंतीवर दोन्हीकडून नजर ठेवतात. साच्यातून आलेला तयार किल्ला हे प्रश्नच पडू देत नाही.

यावर पहिली हरकत अशी येईल की किल्ला मातीचाच असायला हवा, त्यात भंगार कशाला? पण आपले किल्ले कधीच नुसत्या मातीचे नव्हते. फुटक्या विटा, फाटकी पोती, मोडकी घमेली या वस्तू पहिल्यापासून त्यांच्या पोटात आहेत. माती वरून लागतेच, फक्त ती कमी लागते. थर्मोकोल आणि प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र मी मुळीच सुचवणार नाही. पहिल्याचे कण वाऱ्यावर गावभर होतात आणि दुसरं पाण्यात विरघळून मातीला मिळत नाही. बादली आणि गोणपाट धुऊन पुन्हा वापरता येतं, माती परत बांधावर जाते.

दुसरी हरकत जास्त मनापासूनची आहे. रायगडावर राज्याभिषेक झाला, मग मुलांनी तो सोडून गढी का करावी? रायगड सोडावा असं मी म्हणत नाही. पण शिवरायांचे आजोबा मालोजीराजे पडले ते इंदापूरच्या लढाईत, आणि त्यांच्या नावाची गढी इंदापुरातच आहे. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे, इंदापूर, चाकण हे भाग होते, आणि सुपे आज बारामती तालुक्यात आहे. सपाटीवरचा कोट दुबळा असतो हेही खरं नाही. १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा भुईकोट दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवला. शेवटी मोगलांना सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला.

किल्ला झाल्यावर त्याच्याशी खेळावंही. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम लिहिले, आणि त्या खेळात घर, झाड, टेकडी यांच्या आडोशावर डाव फिरतो. आपल्याकडे किल्ला मांडून ठेवतात, मावळे चार दिवस जागचे हलत नाहीत. एकाने गढी राखावी, दुसऱ्याने वेढा घालावा, खंदक ओलांडायला किती पावलं लागतील ते वितीने मोजावं. किल्ला स्पर्धांच्या परीक्षकांनीही रंगरंगोटी आणि रोषणाईचे गुण थोडे कमी करून मुलांना विचारावं: वेढा पडला तर प्यायचं पाणी कुठलं? दिंडी दरवाजातून एका वेळी किती माणसं आत येतील? तोफ लागली तर पहिला बुरूज कोणता ढासळेल? जो गट उत्तर देताना बोटाने जागा दाखवेल, त्याला नंबर द्यावा.