मिबेकचं मराठी कोण करणार?

अनुवादावरच्या चर्चासत्रात कुणी विचारलं, की आज आपल्याकडे सर्वांत जास्त हातांत जाणारा अनुवाद कोणता, तर उत्तरं ठरलेली असतात. कुणी एखाद्या नोबेलवाल्या कादंबरीचं नाव घेतं, कुणी धर्मग्रंथाचं. माझं उत्तर ऐकून लोक हसतात. कोरियन क्रीमच्या खोक्यावर मागाहून चिकटवलेला, काडेपेटीएवढा पांढरा कागद, हे माझं उत्तर. तो कॉलेजातल्या मुली वाचतात, त्यांच्या आया वाचतात, काउंटरमागची मुलगी गिऱ्हाइकाला वाचून दाखवते. त्याच्यावर अनुवादकाचं नाव नसतं, त्याचं परीक्षण कुठे येत नाही. त्यात ज्या लबाड्या बिनबोभाट खपतात, त्यांच्या दशांश लबाडी कवितेच्या अनुवादात केली असती तर आपण त्या माणसाला अंकभर सोलून काढलं असतं.

मी भिलाईत राहते. दुर्ग, भिलाई, रायपूर या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ. त्यांत घरी मराठी, शाळेत हिंदी, नोकरीत इंग्रजी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, हे कुणाला विशेष वाटत नाही. शेजारच्या राजनांदगावात मुक्तिबोध शिकवायला होते. घरची भाषा मराठी आणि लिहायची हिंदी, हा प्रकार इथल्या हवेतलाच म्हणायचा. त्यामुळे इथे प्रत्येक जण दिवसभर अनुवादच करत असतो, फक्त त्याचं मानधन मिळत नाही.

सिव्हिक सेंटरला किंवा सुपेल्याच्या आकाशगंगा बाजारात गेलात, तर पूर्वी जिथे बांगड्या, टिकल्या आणि पावडरीचे डबे होते, तिथे आता कोरियन बाटल्याही दिसतात. यावर आपल्या लिहित्या-वाचत्या मंडळींचा शेरा तयार असतो: चंगळवाद. मला हा शेरा आळशी वाटतो. भिलाईचं मेमधलं ऊन 45 अंशांवर जातं. मुली स्कूटीवर दरोडेखोरासारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरतात. पूर्वीचं सनस्क्रीन सावळ्या चेहऱ्यावर चुना फासल्यासारखं बसायचं. कोरियन सनस्क्रीन बहुधा तसं बसत नाही, म्हणून त्या ते घेतात. यात मला शहाणपण दिसतं. स्वतःच्या पगारातून बाईने स्वतःच्या कातडीवर पैसे खर्च केले की ज्यांना संस्कृतीची काळजी वाटायला लागते, त्यांचे स्वतःचे खर्च कधीतरी मोजायला हवेत. असो. मालाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या कागदाबद्दल आहे.

मागच्या वर्षी कामानिमित्त सोलला जायचं ठरलं, तेव्हा घरादारातून याद्या आल्या. जाऊबाईंची, शेजारच्या काकूंची, आणि भाचीची तर थेट कोरियन लिपीत. मालिका बघता बघता पोरीने अक्षरं शिकून घेतली होती. म्यॉन्गडाँगच्या दुकानात मी फोन पुढे केला, विक्रेतीने यादी वाचली आणि भराभर टोपली भरली. परत आल्यावर मी एक उद्योग केला. सोलहून आणलेली एक डबी आणि भिलाईत विकत घेतलेली तीच डबी शेजारी ठेवल्या आणि दुसरीवरचा पांढरा कागद नखाने सोलला. खाली कोरियन मजकूर जसाच्या तसा होता. भाचीने बोट ठेवून वाचलं, ‘मिबेक.’

मिबेक हा चिनी मुळाचा जोडशब्द आहे. मि म्हणजे सौंदर्य, बेक म्हणजे पांढरं. शब्दाला आडपडदा नाही. 2000 साली अमलात आलेल्या कोरियाच्या सौंदर्यप्रसाधन कायद्यात ‘कार्य करणारी प्रसाधनं’ असा एक वर्ग केला आहे आणि मिबेक हे त्यातलं एक कार्य. नियासिनामाइड 2 ते 5 टक्के, अशा मान्य द्रव्यांच्या याद्या आहेत. आता नियमातली व्याख्या बघा. त्वचेत मेलॅनिन साचण्याला अटकाव करून ‘गिमि’ आणि ठिपके उमटणं रोखायचं, किंवा साचलेला रंग फिका करायचा, आणि त्यातून मिबेकला मदत करायची. गिमि म्हणजे काय? गालांवर, कपाळावर येणारे तपकिरी डाग. बाळंतपणानंतर अनेकींना येतात, उन्हाने वाढतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: वांग. माझ्या आजीला माहीत असलेला, आईच्या तोंडी असलेला, वैद्यांच्या पुस्तकात असलेला शब्द.

म्हणजे कोरियन नियम जे म्हणतो त्याचा सरळ मराठी अनुवाद ‘वांग कमी व्हायला मदत’ एवढाच होतो. माफक, औषधाच्या पुडीवर शोभेल असा दावा. शब्द मात्र ‘पांढरं सौंदर्य’. कोरियन भाषेतही ही दुटप्पी चाल आहेच, त्यांना मी सोवळं ठरवत नाही. पण निदान तिथे नियमाने शब्दाच्या पायात दोरी बांधली आहे.

ती दोरी वाटेत कुठे सुटते ते बघण्यासारखं आहे. कोरियनचं इंग्रजी करताना ‘व्हाइटनिंग’ म्हणायची लाज वाटते, म्हणून ‘ब्राइटनिंग’ होतं. वांग गळून पडतो. ‘मदत’ हा शब्दही गळतो, आणि या सगळ्या प्रकारातला तोच एक प्रामाणिक शब्द होता. इंग्रजीवरून हिंदीत येताना ‘निखार’ होतो, ‘ग्लो’ होतो. आणि काउंटरवर पोचेपर्यंत त्याचं काय होतं ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे: ‘दीदी, दो शेड उजला हो जाएगा.’ हे वाक्य खोक्यावर कुठेही नाही, कोरियनमध्ये नाही, इंग्रजीतही नाही. ते अनुवादाच्या फटीत उगवलं आहे. म्हणणारी मुलगी स्वतः गडद सावळी होती. आठ तास उभं राहून दुसऱ्यांना दोन शेड विकणं हा तिच्या नोकरीचा भाग, तिला दोष देण्यात अर्थ नाही.

हे आपल्याला नवीन आहे असंही नाही. 1975 साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चं 2020 साली ‘ग्लो अँड लव्हली’ झालं आणि वर्तमानपत्रांनी त्याला सामाजिक बदल म्हटलं. त्या क्रीममागचं घोषित द्रव्यही नियासिनामाइडच. जी कोरियन बाटली आपण आधुनिकतेची खूण म्हणून मिरवतो, तिच्यातही पुष्कळदा तेच सापडतं. फेअरचं ग्लो केलं की ज्याला ‘भाषेची संवेदनशीलता’ म्हणतात, त्याला अनुवादाच्या वर्गात आम्ही वेगळं नाव देत होतो. मूळ अर्थ तोच ठेवून पुरावा नष्ट करणं.

मराठीने इथे तोंड वर करून बोलू नये. आपल्याकडे कातडीच्या रंगाचं कोष्टकच आहे: गोरीपान, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, आणि त्याखाली जे म्हणतात ते. विठोबा सावळा असतो तेव्हा आपण टाळ वाजवतो. मुलगी सावळी असते तेव्हा स्थळ सांगणारी बाई म्हणते, ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.’ हा ‘पण’ मराठीतलं सर्वांत क्रूर उभयान्वयी अव्यय आहे. भिलाईच्या मराठी घरांत तो आणखी एक काम करतो. आजूबाजूला छत्तीसगढी माणसं, आपण ‘तसे’ नाही हे सांगायला रंग हाताशी. त्या ‘पण’च्या जागेवरच क्रीमची डबी ठेवली जाते.

आता काकूंची गोष्ट. काकू माळकरी. कांदा-लसूणही चातुर्मासात बंद. सुनेने आणून दिलेलं एक कोरियन एसेन्स त्या तीन महिने रोज रात्री लावत होत्या, आणि हातपाय मऊ झाले म्हणून खूष होत्या. खोक्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ‘म्युसिन’. कोरियन बाजूला मात्र ‘दालफेंगी’ असं स्वच्छ लिहिलेलं. दालफेंगी म्हणजे गोगलगाय. पांढऱ्या कागदावर घटकद्रव्यांच्या यादीत गोगलगायीच्या स्रावाचा उल्लेख होता, पण इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरांत. मी सांगितल्यावर काकूंनी दोनदा विचारलं, ‘गोगलगाय म्हणजे आपली ती गोगलगायच ना गं?’ मग त्या बराच वेळ हात धूत होत्या. ज्यांना चालतं त्यांनी खुशाल लावावं, मीही लावते. पण काकूंना विचारलं गेलं नव्हतं. त्यांच्या अंगावर काय लावलं जातंय हे त्यांना न कळणाऱ्या भाषेत लिहिलं, की कायद्याचं समाधान झालं.

कायद्याचं समाधान खरोखरच होतं. वेष्टनावरची सक्तीची माहिती देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी, असं 2011 चे वेष्टित वस्तूंचे नियम म्हणतात. बाकीच्या भाषा हव्या असतील तर वर जोडा, मनाई नाही. म्हणून कुणीच जोडत नाही. 2007 साली छत्तीसगढीला इथे राजभाषेचा दर्जा मिळाला, तीही डबीवर नाही. तिकडे महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत हवी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली, आणि 2023 साली दोन महिन्यांची मुदत मिळाली. पाटी मराठी झाली, बरं झालं. पण पाटीखाली आत ठेवलेल्या बाटलीला कुणी हात लावला नाही. 2024 च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात ठरली तेव्हा आमच्या मंडळातही पेढे वाटले गेले. अभिजात भाषेत वांगाला शब्द आहे, हे खोक्यावर छापायला कुणाला सुचलं नाही.

या गावाला परक्या देशाचा माल नवा नाही, हेही लक्षात घ्या. भिलाईचा पोलाद कारखानाच 2 फेब्रुवारी 1955 च्या सोव्हिएत करारातून उभा राहिला. त्या देशाशी आपलं जे काही बरंवाईट नातं होतं ते असो, पण त्याने आपली पुस्तकं आपल्या भाषांत आणून दिली. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं माझ्या बालपणी घरात होती, जाड कागदाची, स्वस्त, आणि अनुवादकाचं नाव असलेली. त्यात त्यांचा प्रचार होता, पण प्रचार करायचा तर मराठीत करावा लागेल एवढा मान त्यांनी दिला होता. आजचा विक्रेता तेवढाही देत नाही, कारण आपण मागत नाही.

मागायचं कुणी? इथे माझा रोख आपल्याच व्यवसायाकडे आहे. हान कांगच्या ‘द व्हेजिटेरियन’च्या इंग्रजी अनुवादात किती स्वातंत्र्य घेतलं, यावर जगभर वाद झाला, आणि कोरियनचं एक अक्षर न येणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनीही त्यावर मतं दिली. तो वाद हवाच होता. पण त्याच भाषेतून, त्याच इंग्रजीमार्गे येणारा दुसरा मजकूर रोज आपल्या पोरींच्या तोंडावर चोळला जातो, आणि त्यावर आपल्यापैकी कुणी अवाक्षर काढत नाही. मित्र म्हणतात, ‘अगं, ते साहित्य नाही.’ नसेल. पण ज्या मजकुरावर विश्वास ठेवून माणूस 1,250 रुपये देतो आणि आरशासमोर तीन महिने वाट बघतो, त्याला काय म्हणायचं ते त्यांनी सांगावं. ‘इंग्रजी सगळ्यांना येतं’ असंही म्हणतात. काकूंना विचारून बघा. खोक्यावर जागा नसते म्हणतात, आणि सवलतीचा लाल गोळा छापायला जागा असते.

माझी मागणी लहान आहे. आयातदाराच्या कागदावर प्रादेशिक भाषेतल्या चार ओळी हव्यात: काय आहे, कशापासून केलं आहे, कशाला मदत करतं, कशाला करत नाही. खाली अनुवादकाचं नाव हवं, म्हणजे चुकलं तर कुणाला धरायचं ते कळेल. आणि या नियतकालिकाच्या इतर भाषांतल्या अनुवादकांनी मिबेकला आपापल्या भाषेत काय म्हणायचं ते एकदा जाहीरपणे ठरवावं, वाद घालून ठरवावं.

तोवर मी आणि भाचीने घरच्या घरी सुरुवात केली आहे. ती कोरियन वाचते, मी मराठी करते, आणि चिठ्ठी चिकटपट्टीने डबीवर लागते. ‘स्किन’ म्हणजे तिथे टोनर, हे पहिल्याच दिवशी निकालात निघालं. ‘टोन-अप’चं मी ‘पांढरट थर बसवणारं’ असं केलं, तेव्हा जाऊबाईंनी ती ट्यूब परत कपाटात टाकली. सगळ्यांत अडलं ते ‘मुलग्वांग’वर. पाण्यासारखी चमक असलेली त्वचा, असा त्याचा अर्थ. इंग्रजीने त्या जागी काच आणून ठेवली. मला वाटतं मराठीत ‘तुकतुकीत’ हवं. त्यात रंग नाही, काळीभोर कातडीही तुकतुकीत असते. भाचीला पटलेलं नाही. वांग आणि तुकतुकीत एकाच डबीवर आले तर लोक भरीत करायला घेतील, असं तिचं म्हणणं आहे.